नॉर्वेच्या सहलीचा हिशेब मुलांसमोर मांडूया



पालकसभा असो, स्टाफरूम असो की नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, एप्रिल जवळ आला की एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा बाहेर कुठे?" पूर्वी बाहेर म्हणजे परगावी असायचं, आता बऱ्याच घरांत बाहेर म्हणजे परदेशी. आणि परदेशातही सगळ्यांच्या मनात कुठेतरी एक नाव असतं, ते म्हणजे नॉर्वे. मध्यरात्रीचा सूर्य, आकाशात नाचणारा हिरवा प्रकाश, डोंगरांच्या मधून आत शिरलेला समुद्र. मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ बघितला की वाटतं, आयुष्यात एकदा तरी मुलांना घेऊन इथे जायचंच.

असं वाटण्यात काहीच चूक नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. अशा महागड्या सहलीची आखणी मुलांपासून लपवून करू नये. बहुतेक घरांत आई-बाबा मुलं झोपल्यावर हिशेबाला बसतात. मग मुलांना एक दिवस थेट "सरप्राईज" मिळतं, नाहीतर थेट "नाही, परवडत नाही" असं उत्तर मिळतं. दोन्हीमध्ये मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात. गणिताच्या पेपरात मुलाने पायऱ्या न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं तर आपण गुण कापतो. मग घरातल्या सगळ्यात मोठ्या गणिताच्या पायऱ्या आपण त्याला का दाखवत नाही?

नकाशापासून सुरुवात

नॉर्वेची मुख्य भूमी क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडीशीच मोठी आहे. लोकसंख्या मात्र साधारण ५५ लाख. महाराष्ट्राची २०११ च्या जनगणनेत ११ कोटींच्या वर होती. या दोन वाक्यांवरच पाचवीच्या वर्गाचा एक तास छान होतो. मुलांना विचारा, इतक्या जागेत इतकी कमी माणसं असतील तर गावं कशी असतील? दोन गावांमध्ये काय असेल?

नंतर पट्टी द्या आणि अंतर मोजायला सांगा. राजधानी ऑस्लो दक्षिणेला, मध्यरात्रीच्या सूर्यासाठी प्रसिद्ध असलेलं ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला. दोघांमधलं हवाई अंतर जवळपास मुंबई-दिल्लीइतकं. आता "आठ दिवसांत संपूर्ण नॉर्वे" अशी जाहिरात आली की मूलच म्हणेल, "आई, मग आपण सगळा वेळ प्रवासच करणार का?" हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला की समजा, भूगोल डोक्यात उतरला.

सुट्टी कधी आणि सूर्य कधी?

इथे मोठी माणसंही फसतात. मध्यरात्रीचा सूर्य आणि उत्तरेचा प्रकाश, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, हे दोन्ही एकाच सहलीत बघायची अनेकांची इच्छा असते. तसं होत नाही. ट्रॉम्सोला साधारण २० मे ते २२ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही. आकाशात अंधारच नसेल तर ध्रुवीय प्रकाश दिसणार कसा? तो बघायचा तर साधारण सप्टेंबर ते मार्च, आणि तोही आकाश निरभ्र असेल तरच. पैसे भरले म्हणून निसर्ग हजेरी लावत नाही.

आता आपल्या शाळांचं वेळापत्रक शेजारी ठेवा. उन्हाळी सुट्टीत जायचं तर सूर्य मिळेल, दिवाळीच्या सुट्टीत जायचं तर प्रकाशाची शक्यता आहे. मे महिन्यात डोंगरातले काही रस्ते बर्फामुळे बंदच असतात, काही तर जून उजाडल्यावर उघडतात. म्हणजे एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे हे आपण दरवर्षी फळ्यावर गोल काढून शिकवतो. पण "तू निवड, सूर्य की प्रकाश?" असं विचारलं की तोच कललेला अक्ष मुलांच्या कामाचा होतो. माझ्या वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, सूर्य मावळतच नाही तर तिथली मुलं झोपतात कधी?" जाड पडदे लावून झोपतात, असं सांगितल्यावर वर्ग हसला, पण धडा लक्षात राहिला.

पावसाचंही तसंच. बर्गन हे फियॉर्डच्या सहलीसाठी सगळ्यांचं आवडतं शहर. तिथे वर्षाला सुमारे २२०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईलाही जवळपास तेवढाच. फरक असा की मुंबईचा पाऊस बहुतेक चार महिन्यांत संपतो, बर्गनचा वर्षभर थोडाथोडा चालूच असतो. त्यामुळे "आपण मे महिन्यात जातोय, रेनकोट कशाला?" हे तिथे चालत नाही. बॅग भरायची यादी मुलांनाच करू द्या.

आता पैशांचं गणित

नॉर्वेचं चलन क्रोनर. त्याचा दर रोज बदलतो, आपण सोयीसाठी १ क्रोनर म्हणजे ९ रुपये धरू. जाताना त्या दिवशीचा दर मुलांकडूनच काढून घ्या.

बाहेर साध्या हॉटेलात एका माणसाचं जेवण २०० क्रोनर धरलं, तर चार माणसांच्या एका जेवणाचे ८०० झाले. दोन वेळचे १६००. दहा दिवसांचे १६,००० क्रोनर, म्हणजे १,४४,००० रुपये. फक्त जेवणाचे! आता दुसरा पर्याय. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, दुकानातून पाव, अंडी, बटाटे, तांदूळ आणून घरीच रांधलं आणि दिवसाला चौघांचे ४०० क्रोनर धरले, तर दहा दिवसांचे ४,००० क्रोनर, म्हणजे ३६,००० रुपये. एक लाख आठ हजारांचा फरक. हे गणित मुलाने स्वतः केलं तर "बाहेरच जेवूया ना" हा हट्ट तिथे गेल्यावर निम्मा होतो, आणि सोबत घेतलेल्या मेतकूट-भाताची किंमतही कळते.

व्हिसाचं उदाहरण तर पाठ्यपुस्तकात शोभेल असं. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे. शेंगेन व्हिसाचं शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतील मुलांना ४५ युरो, ६ वर्षांखालच्यांना काही नाही. आई, बाबा, दहा वर्षांची ताई आणि पाच वर्षांचा भाऊ यांचे एकूण किती? उत्तर २२५ युरो, सेवा केंद्राचे पैसे वेगळे. शिवाय किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. कॅलेंडरवर तारखा मागे मोजण्याचा याहून चांगला सराव कुठला?

महाग म्हणजे नेमकं काय?

मुलं हमखास विचारतात, "तिथे सगळं इतकं महाग का?" "श्रीमंत देश आहे" एवढं सांगून थांबू नका. १९६९ साली त्यांच्या समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला. त्या पैशातून पुढच्या पिढ्यांसाठी म्हणून सरकारने १९९० मध्ये एक मोठा निधी उभा केला. बहुतेक वस्तूंवर २५ टक्के कर आहे, अन्नावर १५ टक्के. आणि सर्वांत महत्त्वाचं, तिथे माणसाच्या कामाला चांगला मोबदला द्यावा लागतो. बस चालवणारा, खोली साफ करणारी, जेवण वाढणारा, सगळ्यांनाच. आपलं बिल वाढतं ते बरंचसं त्यामुळे.

इथे जरा थांबून मुलांना उलटा प्रश्न विचारायला हवा. माथेरानची छोटी गाडी नेरळहून साधारण २१ किलोमीटर घाट चढते. नॉर्वेतली फ्लॉम रेल्वे म्युरदालहून खाली फियॉर्डच्या काठापर्यंत २० किलोमीटर येते आणि ८६० मीटरहून जास्त उतरते. दोन्ही प्रवास डोळ्यांचं पारणं फेडणारे. मग माथेरानची सहल इतकी स्वस्त का पडते? आपलं सामान डोक्यावर घेऊन चढणाऱ्या माणसाला दिवसाला किती मिळत असतील? "स्वस्त आणि मस्त" म्हणताना ते स्वस्त कुणाच्या जिवावर आहे, हा विचार दहा वर्षांच्या मुलाला नक्की कळतो. आपण विचारत नाही एवढंच.

काही गोष्टी फुकटही आहेत

मुलांना हेही कळू द्या की महाग देशातही सगळं विकत घ्यावं लागत नाही. नॉर्वेत १९५७ पासूनच्या कायद्याने मोकळ्या निसर्गात कुणालाही पायी फिरता येतं. राहत्या घरापासून निदान १५० मीटर लांब, लागवड नसलेल्या जागी, तंबू ठोकून दोन रात्रीपर्यंत राहताही येतं. अट एकच, जागा होती तशी ठेवून जायचं. नळाचं पाणी सरळ पिता येतं, म्हणजे बाटलीचा खर्च शून्य. आणि बाटली घेतलीच तर ती दुकानातल्या यंत्रात परत टाकली की लहान बाटलीचे २ आणि मोठीचे ३ क्रोनर परत मिळतात. ही जबाबदारी घरातल्या धाकट्याला द्या, बघा किती मन लावून करतो.

आणि जमलं तर १७ मे ला तिथे असा. तो त्यांचा राज्यघटना दिन, १८१४ सालच्या घटनेचा. त्या दिवशी रस्त्यावरून रणगाडे जात नाहीत, शाळेतली मुलं झेंडे घेऊन, बँड वाजवत चालतात. शिक्षक म्हणून मला हे फार आवडतं. फक्त त्या दिवशी आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा किराणा आदल्या दिवशीच.

हिशेबाला "नाही" म्हणायची मुभा हवी

आता खरा मुद्दा. विमान, व्हिसा, राहणं, खाणं, फिरणं सगळं मिळून समजा एकूण ६ लाख आले. घरात महिन्याला १०,००० रुपये बाजूला टाकता येतात. मग ६० महिने लागतील, म्हणजे पाच वर्षं. आज पाचवीत असलेलं मूल तेव्हा दहावीत असेल. आणि दहावीच्या वर्षी कोण जातंय नॉर्वेला?

इथेच "आधी फिरा, नंतर भरा" अशा जाहिराती येतात. तेही गणित मुलांसमोरच करा. ६ लाखांचं कर्ज, समजा १२ टक्के व्याज, तीन वर्षं. हप्ता जवळपास १९,९३० रुपये, आणि व्याज एकूण सुमारे १ लाख १७ हजार. सहल दहा दिवसांची, हप्ते एक हजार पंचाण्णव दिवसांचे. माझं मत स्पष्ट आहे. घर, शिक्षण, आजारपण यांसाठी कर्ज काढावं लागतं, सहलीसाठी काढू नये. पण हे मी सांगून काय उपयोग? मुलाने स्वतः आकडे मांडले तर तेच म्हणेल, "बाबा, दोन वर्षं थांबूया," किंवा "त्यापेक्षा हिमाचलला जाऊया." हे उत्तर रडत न येता विचार करून आलं, यातच सगळं शिक्षण आलं.

काही पालक म्हणतात, "लहान वयात पैशाची काळजी कशाला? बालपण निर्धास्त असू द्या." भावना कळते. पण मुलांना काळजी लागते ती बंद दाराआडच्या कुजबुजीने. समोर मांडलेल्या कागदाने धास्ती कमी होते. त्यांना पगाराचा आकडा सांगायलाच हवा असं नाही. सहलीसाठी किती ठेवता येतील, एवढं सांगितलं तरी पुरे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो, "ज्या मुलांनी तालुक्याचं गाव नीट पाहिलं नाही, त्यांच्यासमोर नॉर्वे कशाला?" मला नेमकं उलट वाटतं. जून महिन्यात आपण निबंध देतो, "मी केलेला प्रवास". पस्तीस मुलांपैकी पाच-सहा मुलं भरभरून लिहितात, बाकीची मामाच्या गावाला गेल्याचं चार ओळींत संपवतात, काही तर खोटंच लिहितात. त्या ऐवजी "मी आखलेला प्रवास" असा विषय देऊन पाहा. नकाशा सगळ्यांना सारखाच, क्रोनरचा दर सगळ्यांना सारखाच. तिथे ज्याच्या घरी पैसे जास्त, तो पुढे जात नाही. जो नीट विचार करतो, तो जातो. प्रवास थोड्यांच्या वाट्याला येतो, आखणी मात्र सगळ्या वर्गाच्या वाट्याला येऊ शकते.

तेव्हा पालकहो, पुढच्या रविवारी एक वही घ्या. पहिल्या पानावर नकाशा, दुसऱ्यावर तारखा, तिसऱ्यावर हिशेब. पेन मुलाच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारी बसा. शेवटच्या पानावर "जायचं" येईल, "थांबायचं" येईल, नाहीतर "दुसरीकडे जायचं" येईल. जे येईल ते मुलाने सगळ्या पायऱ्या दाखवून काढलेलं असेल. अशा उत्तराला आपण पूर्ण गुण देतोच ना?