सूनबाईंचे प्रमाणपत्र

निकालांचे दिवस आले की या मासिकात सी.ए., डॉक्टर, अभियंता झालेल्या आपल्या मुलामुलींची छायाचित्रे येतात. ती पाहून कोणाला आनंद होणार नाही? मात्र मध्यंतरी आमच्या घरीही एक निकाल लागला आणि त्याची दखल कोणी घेतली नाही. न घेणाऱ्यांत मी पहिला, म्हणून आज हे लिहितो आहे.

माझी सून वाणिज्य पदवीधर आहे. वय ३६. घर आणि दोन मुले सांभाळून, रात्री सर्व निजल्यावर तिने संगणकावर ‘गिट’ नावाच्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीचा सहा आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केला. प्रमाणपत्र दाखवायला आली, तेव्हा मी चष्मा न काढताच विचारले, “याचा उपयोग काय?” ती काही बोलली नाही. कागद कपाटाच्या खणात गेला.

उपयोग समजला तो दुकानामुळे. आमचे पाईप-फिटिंगचे दुकान धाकटे बंधू पाहतात. दरपत्रक माझा मुलगा आणि पुतण्या सांभाळतात. दर वारंवार बदलतात. त्यामुळे संगणकात ‘दरपत्रक’, ‘दरपत्रक नवे’, ‘दरपत्रक अंतिम’ आणि ‘दरपत्रक खरे अंतिम’ अशी चारही भावंडे एकत्र नांदत होती. दिवाळीनंतर त्यांतले चुकीचे पत्रक एका जुन्या ग्राहकाकडे गेले. शब्द दिला होता, माल जुन्या दराने द्यावा लागला. १८ हजारांचे नुकसान झाले. पण त्याहून वाईट म्हणजे पत्रक कोणी बदलले यावरून दोन्ही भाऊ आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

तेव्हा सूनबाईंनी अभ्यासक्रमात शिकलेले पुढे ठेवले. गिटमध्ये फाइल एकच राहते. बदल केला की त्याची नोंद करायची. तिला ‘कमिट’ म्हणतात. कोणी केला, केव्हा केला हे नोंदीत आपोआप येते; का केला हे आपण एका ओळीत लिहायचे. प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो. तो त्या नोंदीतील मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या क्रमांकावरून काढलेला असतो, म्हणून मागे कोठे एक अक्षर जरी बदलले तरी पुढचे सारे क्रमांक बदलतात. हे ऐकताच मी खुर्चीत सावरून बसलो. ही तर आमची तेरीज! मागील पानाची बेरीज पुढे ओढलेली असते, तिथे हात लावला की साऱ्या वहीचा ताळमेळ बिघडतो.

१९८१ साली बँकेत नवा असताना मी लेजरमधील एक चुकीचा आकडा ब्लेडने खरवडून तिथे बरोबर आकडा लिहिला होता. आमच्या वरिष्ठांनी आवाज चढवला नाही. “आकडा बरोबर आहे हो, पण तो पहिल्यापासून बरोबर होता की नाही, हे आता कोण सांगणार?” एवढेच म्हणाले आणि रात्री नऊपर्यंत ते खाते पुन्हा तपासायला बसवले. चूक एका रेघेने खोडावी, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी आद्याक्षरी असावी. दिवस बंद झाला असेल तर उलट नोंद करावी, हे त्या रात्री शिकलो. गिटमध्ये हीच उलट नोंद ‘रिव्हर्ट’ नावाने आहे. चुकीचा बदल पुसला जात नाही, त्याच्या विरुद्ध नवी नोंद पडते. जुना इतिहास बदलण्याच्या आज्ञाही त्यात आहेत. परंतु दुसऱ्याच्या हाती दिलेला इतिहास बदलू नये, असे त्यांना बजावून शिकवले होते.

ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतली. लिनक्सच्या कामासाठी ते जी प्रणाली वापरत होते, तिची विनामूल्य परवानगी काढून घेतली गेली, म्हणून ही निकड. काही दिवसांतच गिट स्वतःचाच हिशेब ठेवू लागले. पुढे त्याच वर्षी त्यांनी ते काम जुनिओ हमानो यांच्या स्वाधीन केले. गादी वेळेवर सोडणारे संस्थापक व्यापारातही विरळाच, असो. आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिलाच पाहिजे, असा नियम आहे. आमचे दुकान कंपनी नाही. पण चांगली पद्धत कायद्याची वाट कशाला पाहील?

सूनबाईंनी दरपत्रक साध्या मजकुराच्या फाइलीत घेतले, कारण ओळीगणिक फरक त्यातच स्वच्छ दिसतो. दोन्ही भावांच्या संगणकांवर पूर्ण इतिहासासह प्रत गेली. दुसऱ्याच आठवड्यात दोघांनी एकाच एल्बोचा दर वेगवेगळा लिहिला. गिट थांबले, दोन्ही दर एकाखाली एक दाखवून, कोणता ठेवायचा ते तुम्हीच ठरवा, असे सांगू लागले. पुतण्याला वाटले, यंत्र बिघडले. सूनबाई म्हणाल्या, “भावजी, बिघडले नाही. तुम्ही दोघांनी बोलून घ्या, एवढेच त्याचे म्हणणे आहे.” त्या दिवशी दोघे बोलले.

मग मी खणातला तो कागद मागून घेतला. प्राथमिक अभ्यासक्रम, असे म्हणून आपण नाक मुरडतो. पण छत्तिसाव्या वर्षी, कोणी विचारत नसताना, कोरी काळी खिडकी उघडून पहिली आज्ञा टंकणे आणि ती चुकल्यावर पुन्हा टंकणे, हे मला तरी जमले नसते. मी पदोन्नतीच्या परीक्षा दिल्या, त्या वेळी चहा आणून देणारे कोणीतरी घरात होते.

रविवारी सर्वांना जेवायला बोलावले. श्रीखंड बाहेरून आणले, सूनबाईंना स्वयंपाकघरात जाऊ दिले नाही. प्रमाणपत्राला चौकट केली आहे. तिच्याखाली मी त्यांच्या सरावाच्या नोंदींची छापील यादीही लावली, त्याला त्यांचा विरोध होता, कारण सातवी नोंद अशी आहे : “चूक झाली, मागे घेतली.” पुतण्याने ती मोठ्याने वाचली आणि विचारले, “वहिनी, पुढची तुकडी केव्हा सुरू होते?”