त्यांच्या हातचे काम काढून घेऊ नका

‘अण्णा, तुम्ही आता काही करू नका, नुसते बसा.’ आपल्या घरांतून प्रेमापोटी बोलल्या जाणाऱ्या वाक्यांत याहून घातक वाक्य मला ठाऊक नाही. बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे मी म्हणत नाही. ज्यांनी जन्मभर कष्ट उपसले त्यांना शेवटी आरामखुर्ची, पंखा आणि वेळेवर चहा मिळावा, एवढीच आपली सेवेची कल्पना. शेजारीपाजारीही मग कौतुक करतात, ‘मुलाने बापाला कसे फुलासारखे ठेवले आहे!’ पण ज्याची स्मृती ढासळू लागली आहे अशा माणसाला असे ठेवणे म्हणजे त्याच्यापाशी जे काही शिल्लक आहे, तेही त्याच्याकडून हिरावून घेणे होय.

मुळात हा आजार आहे हेच आपण मान्य करीत नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तोंडावर फेकली, फारच झाले तर ‘म्हातारचळ लागला’ म्हटले, की आपली जबाबदारी संपली. ज्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूची तपासणी करून आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली हा रोग प्रथम वैद्यकजगतापुढे मांडला, ती १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघ्या ५१ वर्षांची होती. तिथे साठीचा प्रश्नच नव्हता. आपल्या देशात ६० वर्षांवरील माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसे, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासातून निघाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते जास्त आढळले. शंभरात सात! वाचकहो, आपल्या गल्लीतली साठीपुढची माणसे एकदा मोजून पाहा, म्हणजे हा आजार परक्यांच्या घरी असतो हा समज दूर होईल.

अर्थात प्रत्येक विसराळूपणा म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉईडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खोल उदासी, कानाला न ऐकू येणे, डोळ्यांवर आलेला मोतीबिंदू यांनीही माणूस गोंधळतो आणि गप्प बसतो. त्यांवर उपाय आहेत. तेव्हा ‘वय झाले’ म्हणून घरी परतवणाऱ्या डॉक्टरांवर समाधान मानू नये, तपासण्या करून घ्याव्यात. त्या झाल्या, निदान पक्के झाले, म्हणजे माझा खरा मुद्दा सुरू होतो.

घरोघरी मी एकच तक्रार ऐकतो. ‘सर, आम्ही का त्यांना बसवून ठेवतो? तेच काही करायला तयार नाहीत. फिरायला चला म्हटले तर नको, देवळात चला तर नको, पेपर वाचा तर नको. आता बापावर का जबरदस्ती करायची?’ प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यातला ‘नको’ आपण चुकीचा ऐकतो. या आजारात स्मरणशक्तीबरोबर आणखी एक गोष्ट जाते, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. ती म्हणजे आपण होऊन सुरुवात करण्याची शक्ती. उठायचे, चपला शोधायच्या, पायात घालायच्या, दार उघडायचे, कुठे वळायचे ते ठरवायचे, ही साखळी आपण विचार न करता ओढतो. मेंदूचा पुढचा भाग आणि त्याला जोडलेले मार्ग बिघडले की तिची पहिलीच कडी हाती लागत नाही. माणूस आळशी होत नाही, हट्टीही होत नाही. त्याला आरंभ करता येत नाही आणि आपण चुकू याची धास्ती मात्र पुरती शाबूत असते. चारचौघांत फजिती होण्यापेक्षा ‘नको’ म्हणणे त्याला सोपे वाटते. इयत्ता आठवीत गणिताच्या तासाला फळ्याकडे यायला नकार देणारा मुलगा ज्याने पाहिला आहे, त्याला हा ‘नको’ चटकन ओळखू येईल.

म्हणूनच ‘फिरायला येता का?’ असे विचारूच नये. त्या प्रश्नाला ‘नको’ हेच उत्तर येणार. चपला पायापाशी ठेवाव्यात, काठी हातात द्यावी आणि ‘चला, दूध घेऊन येऊ’ म्हणून आपणही उभे राहावे. फिरणे हे कशासाठी ते त्याला कळत नाही, पण दूध आणणे कळते. मेथीची जुडी ‘निवडून देता का’ म्हणून पुढे करण्यापेक्षा सूप दोघांच्या मध्ये ठेवून आपण निवडायला बसावे. पाचव्या मिनिटाला आईचा हात आपोआप सुपात येतो. त्या हाताला साठ वर्षांची सवय असते. परवाचा प्रसंग विसरला जातो, पण हाताने शिकलेली कामे मेंदूच्या वेगळ्या भागांच्या आधारे चालतात आणि ती पुष्कळ काळ टिकतात. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारी बाई निरांजनाची फुलवात बिनचूक वळते ती यामुळेच.

काम मात्र त्या माणसाचे असले पाहिजे. निवृत्त मुख्याध्यापकाला लहान मुलांचे रंगकामाचे पुस्तक आणून देणारे सुशिक्षित चिरंजीव मी पाहिले आहेत, आणि म्हाताऱ्याने ते भिरकावून दिले तर त्यात नवल कसले? वडगाव-शहापूरच्या विणकराच्या हाती सूत द्या, कांडी भरू द्या. शेतकऱ्यापुढे भुईमुगाच्या शेंगा ओता. दुकानदाराला सुटी नाणी मोजायला आणि पिशव्यांच्या घड्या घालायला द्या. माझ्या परिचयातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांना त्यांची कन्या रोज सकाळी जुन्या वह्यांचा गठ्ठा आणि तांबडी पेन्सिल देते. ते तासभर तपासतात. कधी एकाच पानावर तीनदा सही होते. बाई काही बोलत नाहीत, गठ्ठा उचलून ‘झाले का गुरुजी?’ म्हणतात. त्या घरात सायंकाळची आदळआपट पुष्कळ कमी झाली आहे. (दिवस मावळताना अस्वस्थता वाढणे हे या आजारात नेहमीचे. म्हणून जे काही करून घ्यायचे ते सकाळी, पोट भरलेले आणि डोके ताजे असताना.)

आणि काम वाकडे झाले तर? होऊ द्यावे. निवडलेल्या मेथीत काड्या राहतील, घडी तिरकी पडेल, मोजलेली नाणी पुन्हा मोजावी लागतील. दुरुस्ती त्यांच्या पाठीमागे करावी, डोळ्यांसमोर कधीही नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. कंटाळा दिसण्याआधी थांबावे. ‘हा सदरा की तो?’ एवढीच निवड ठेवावी, कपाट उघडून उभे करू नये. विळी, गॅस आणि विहिरीचा काठ यांपासून लांब ठेवावे. पण एवढ्या तीन धोक्यांच्या नावाखाली सगळेच काढून घेणे ही शुद्ध पळवाट आहे. आणि एखाद्या दिवशी ‘नको’ खरेच ‘नको’ असते. चेहऱ्यावर राग चढला, हात झटकला, की विषय सोडावा आणि अर्ध्या तासाने तो नव्याने काढावा. मी सांगतो ती आग्रहाची गोष्ट आहे, दांडगाईची नव्हे.

दुसरा एक वर्ग आहे, तो बसवून ठेवत नाही, परीक्षा घेतो. ‘अण्णा, मी कोण सांगा बघू?’ ‘आज वार कोणता?’ ‘काल कोण आले होते?’ पाहुण्यांसमोर तर याला ऊत येतो. जन्मभर प्रश्नपत्रिका काढणारा माणूस म्हणून सांगतो, ज्या परीक्षेत उमेदवार नापास होणार हे परीक्षकाला आधीच ठाऊक आहे, ती परीक्षा नसून छळ आहे. याने स्मरणशक्तीचा व्यायाम होतो हा भ्रम टाकून द्यावा. त्यापेक्षा आपणच सांगावे, ‘अण्णा, मी तुमचा धाकटा, आज गुरुवार, आज बाजारातून भुईमूग आणलाय.’ मग त्यांच्या मनातले बेळगाव अजून मुंबई राज्यात असले तरी वाद घालू नये. १९५६ साल त्यांना आठवून देण्याची घाई कोणाला झाली आहे?

भाषेचा विषय निघालाच आहे तर आपल्या भागाविषयी थोडे बोलतो. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये असे दाखवले की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. हा फरक शाळा न शिकलेल्यांतही आढळला. म्हणजे घरात मराठी, बाजारात कानडी, स्टेशनवर हिंदी ही आपली जन्माची ओढाताण अगदीच वाया जात नाही! पण आजार एकदा आलाच, की नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी सुटू लागते. तालुका कचेरीत पस्तीस वर्षे कानडीत टिपणे लिहिलेला कारकून एके दिवशी कानडी सूचना ऐकून नुसता पाहत राहतो. घरच्यांनी दिवसभरासाठी ठेवलेली बाई बिचारी कानडीच बोलणारी. ती म्हणते, ‘अज्जा ऐकतच नाहीत.’ नातवंडे इंग्रजी माध्यमाची, त्यांचे आजोबांशी बोलणे ‘हाय आजोबा’पाशी संपते. अशा वेळी त्या माणसाची निष्क्रियता आजाराची किती आणि भाषेच्या एकांतवासाची किती? इंदूर-ग्वाल्हेरला हिंदीने, बडोद्याला गुजरातीने हेच होत असणार.

यावर टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या मित्रांना उरलेला अर्धा भागही ऐकावा लागेल. आपल्या कितीतरी घरांत बैलहोंगल-गोकाककडची लेक सून म्हणून आली, पन्नास वर्षे मराठी बोलली, मराठीत ओव्या म्हणाली. आज तिची मराठी विरत चालली आहे आणि माहेरची कानडी परतली आहे. तिला ‘मराठीत बोल’ म्हणून दटावणारा मुलगा मी ऐकला आहे. सीमाप्रश्न सभेत मांडा, न्यायालयात मांडा, मीही मांडतो. आईच्या खाटेपाशी तो आणू नका. तिला लाटणे हातात देताना ‘अव्वा, बा’ म्हणायला जीभ का अडखळावी? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, हत्तीच्या मागे निघून गेलेल्या संस्कृत पंडिताला पोटच्या पोरासारखे सांभाळते ती कानडी बोलणारी माहुताची बायकोच. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये कानडीतही अनंत नाग यांचा ‘गोधी बण्ण साधारण मैकट्टु’ आला, तोही हरवलेल्या बापाचाच. दोन्ही घरांनी दोन्ही चित्रपट पाहावेत. आणि बाहेर नेतानाच्या सदऱ्याच्या खिशात नाव, पत्ता, फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मराठी आणि कानडी अशा दोन्ही लिपींत ठेवावी. बसच्या कंडक्टरला मराठी वाचता येतेच असे नाही.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत खरा. ‘एवढा वेळ कोणाला आहे? मेथी मी दहा मिनिटांत निवडते, सासूबाईंबरोबर तास जातो आणि पुन्हा निवडावी लागते ती वेगळीच.’ हे सुनेने म्हटले तर मी मान खाली घालून ऐकून घेतो, कारण ‘बाबा आराम करा’ असे हुकूम सोडणारा मुलगा कचेरीत निघून गेलेला असतो. सेवा त्याच्या नावावर, तास तिच्या नावावर. माझे म्हणणे त्या मुलाला आहे. सकाळचा अर्धा तास त्याचा. दूध आणायला बापाला नेणे त्याचे काम, वर्तमानपत्राचा मथळा मोठ्याने वाचून दाखवणे त्याचे काम. या कामांनी बापाची स्मृती परत येणार नाही, हेही मी स्पष्ट सांगतो. मूळ रोग बरा करणारे औषध आज कोणापाशी नाही. पण दिवसातला एक तास तो माणूस घराच्या उपयोगी पडतो, रात्री बरी झोप लागण्याची शक्यता वाढते आणि घरातली चिडचिड कमी होते. याहून मोठे आश्वासन मी देत नाही.

आपल्या संस्थांविषयीही एक शब्द. पंचाहत्तरी झाली की शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, छापील मानपत्र वाचायचे आणि दुसऱ्या वर्षी तेच गृहस्थ वाचनालयात तीनदा तेच पुस्तक मागू लागले की ग्रंथपालाने हसायचे, ही आपली रीत. त्यांना चौथ्यांदा तेच पुस्तक द्यायला काय हरकत आहे? भजनी मंडळांतही तसेच. टाळ चुकतो म्हणून जुना टाळकरी हळूहळू मागच्या रांगेत, मग ओट्यावर, मग घरी जातो. वास्तविक अभंगाची चाल आणि ठेका ही या आजारात फार उशिरापर्यंत टिकणारी गोष्ट. मुलाचे नाव विसरलेला माणूस हरिपाठ सुरू झाला की ओठ हलवू लागतो, हे ज्या गावात भजन आहे त्या गावाला सांगायला नको. मंडळांनी अशा माणसाला बोलावण्याची वाट न पाहता जाऊन घेऊन यावे. दिवाळीनंतर कार्तिकी एकादशी येतेच आहे, तेव्हापासून आरंभ होऊ शकेल. बसायला जागा पखवाजाजवळ द्यावी, तिथे ठेका सापडायला सोपा जातो, आणि तासाभराने कोणीतरी घरी पोहोचवावे.