स्वस्ताई कोणाची?

‘स्वस्त’ आणि ‘महाग’ ही विशेषणे आपण वस्तूंना लावतो. पाव स्वस्त झाला, घरभाडे महाग झाले, असे सहज बोलले जाते. वस्तुतः या शब्दांनी वस्तूचे वर्णन थोडे आणि घेणाऱ्याच्या मिळकतीचे वर्णन अधिक होत असते. एकाच दुकानातील एकच पाव एका ग्राहकाला क्षुल्लक वाटतो आणि त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या ग्राहकाला तो घ्यावा की न घ्यावा याचा विचार करावा लागतो. ज्या देशात महागाई बेसुमार वाढलेली असते, तेथे परदेशी चलनात कमावणारी माणसे राहावयास आली, की या दोन ग्राहकांमधील अंतर डोळ्यांत भरण्याइतके मोठे होते. मग वाद सुरू होतो. अशा देशातील जीवन स्वस्त म्हणावे की महाग? आणि बाहेरून आलेल्या माणसाने त्या स्वस्ताईचा लाभ घ्यावा, यात गैर काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या देशाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. भारतात महागाईचा दर चार टक्क्यांच्या आसपास असावा, तो दोन ते सहा टक्के या मर्यादेत राहावा, असे उद्दिष्ट २०१६ पासून रिझर्व्ह बँकेसमोर ठेवण्यात आले. तो दर सात-आठ टक्क्यांवर गेला तरी आपल्याकडे घराघरांत काळजीचा सूर उमटतो. अर्जेंटिनात २०२३ या एका वर्षात किमती २११ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे वर्षारंभी जी वस्तू १०० पेसोंना मिळत होती, तिला वर्षअखेरीस सरासरी ३११ पेसो पडू लागले. एकट्या डिसेंबर महिन्यातील वाढ २५ टक्क्यांहून अधिक होती. समजा, एखाद्या शिक्षकाचा पगार त्या वर्षात दुप्पट झाला. दुप्पट पगार म्हटल्यावर कोणालाही हेवा वाटावा. परंतु किमती तिपटीहून अधिक झाल्या असताना त्या दुप्पट पगारात पूर्वीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी वस्तू येतात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हा उपदेश योग्यच आहे. पण अंथरूणच दर महिन्याला आखूड होऊ लागले, तर माणसाने पाय किती आखडावेत?

अशा देशातील लोक स्वतःच्या चलनावर विश्वास ठेवीत नाहीत. अर्जेंटिनाच्या बाबतीत या अविश्वासाला इतिहासाचा आधार आहे. १९८९ मध्ये तेथील महागाई तीन हजार टक्क्यांच्या वर गेली होती. त्यावर उपाय म्हणून १९९१ मध्ये कायद्याने एक पेसो बरोबर एक डॉलर असे नाते बांधण्यात आले. दहा वर्षे ते टिकले. पुढे डिसेंबर २००१ मध्ये सरकारने बँकांतून पैसे काढण्यावर कडक मर्यादा घातली. लोकांनी त्या व्यवस्थेला ‘कॉरालितो’ म्हणजे ‘लहान कोंडवाडा’ असे नाव दिले. २००२ च्या आरंभी पेसो आणि डॉलर यांचे नाते तुटले. बँकांत डॉलरमध्ये ठेवलेल्या ठेवी सक्तीने पेसोंमध्ये बदलण्यात आल्या आणि त्या पेसोची किंमत पाहता पाहता घसरली. आयुष्यभराची शिल्लक अशी विरघळताना ज्यांनी पाहिली, त्यांनी आपली बचत पुन्हा बँकेत ठेवण्याऐवजी डॉलरच्या नोटांच्या रूपाने घरात जपून ठेवावी, यात आश्चर्य नाही. आजही तेथे घरांची खरेदी-विक्री बहुधा डॉलरमध्येच होते.

सरकारने डॉलरच्या खरेदीवर निर्बंध घातल्यामुळे तेथे एकाच डॉलरला अनेक भाव आले. बँकेतील अधिकृत भाव एक, तर रस्त्यावरील भाव दुसरा. या दुसऱ्या डॉलरला लोक ‘निळा डॉलर’ म्हणत. राजधानी ब्युएनोस आयरिसमधील फ्लोरिडा या गजबजलेल्या रस्त्यावर ‘बदल, बदल’ असे पुकारीत उभ्या असणाऱ्या दलालांना ‘आर्बोलितो’, म्हणजे ‘छोटी झाडे’, असे गमतीचे नाव मिळाले. हा व्यवहार कायद्याने मान्य नव्हता. पण त्याचा भाव वर्तमानपत्रांत रोज छापून येई. जुलै २०२२ मध्ये अधिकृत दर सुमारे १३० पेसो असताना या बाजारातील दर ३०० पेसोंच्या पलीकडे गेला. साहजिकच ज्याच्या हाती डॉलर होता, त्याच्यासाठी संपूर्ण देश निम्म्याहून कमी किमतीत उपलब्ध झाला.

याच काळात संगणकावर कोठूनही काम करणारे परदेशी लोक ब्युएनोस आयरिसकडे वळले. पगार अमेरिकेचा किंवा युरोपचा, वास्तव्य मात्र अर्जेंटिनात! २०२२ मध्ये सरकारनेही अशा लोकांसाठी खास परवाना सुरू केला आणि परदेशी बँककार्डांना अधिक चांगला दर देऊन त्यांचे डॉलर अधिकृत मार्गाने यावेत असा प्रयत्न केला. या पाहुण्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की त्यांनी कोणाची नोकरी हिरावली नाही. त्यांनी बाहेर कमावलेला पैसा उपाहारगृहांत, दुकानांत आणि घरभाड्यात खर्च केला. देशाला परकीय चलनाची निकड होती आणि ते चलन या लोकांनी आणले. महागाईला ते कारणीभूत नाहीत. ती सरकारच्या उत्पन्नापेक्षा अधिक झालेल्या खर्चातून आणि तो भागविण्यासाठी छापलेल्या पैशातून निर्माण झाली. हा युक्तिवाद खोटा नाही. पाहुणा येण्याच्या कितीतरी आधीपासून हे घर गळके होते.

परंतु तो अपुरा आहे. घरभाड्याच्या बाबतीत त्याचे अपुरेपण विशेष जाणवते. २०२० मध्ये अर्जेंटिनात भाडेकरूंच्या संरक्षणासाठी कायदा झाला. करार तीन वर्षांचा आणि भाडेवाढ वर्षातून एकदाच, असे त्याचे स्वरूप होते. हेतू चांगला होता. पण शंभर टक्क्यांच्या महागाईत वर्षभर गोठलेले भाडे मालकाला परवडेनासे झाले. पर्यटकांना अल्प मुदतीसाठी दिलेली घरे या कायद्याच्या कक्षेबाहेर होती. त्यामुळे पालेर्मो, रेकोलेता, सान तेल्मो यांसारख्या वस्त्यांमधील अनेक मालकांनी घरे तात्पुरत्या पाहुण्यांना डॉलरमध्ये देण्यास सुरुवात केली. पेसोंत पगार घेणारी परिचारिका आणि डॉलरमध्ये पगार घेणारा परदेशी तरुण एकाच घराच्या दारात उभे राहिले, तर दार कोणासाठी उघडेल हे सांगावयास नको. त्या तरुणाच्या मनात कोणाला बेघर करण्याचा विचार नसतो. तरीही त्याच्या येण्याने एका माणसाची जागा गेली, ही वस्तुस्थिती उरतेच.

दुसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते. परदेशी व्यक्तीला जी स्वस्ताई लाभते, तिच्या काही भागाचे मोल स्थानिक जनता चुकवीत असते. डिसेंबर २०२३ मध्ये ब्युएनोस आयरिसमधील बसचे किमान भाडे सुमारे ५३ पेसो होते. रस्त्यावरच्या बाजारात एका डॉलरला जवळजवळ एक हजार पेसो मिळत असताना हे भाडे डॉलरच्या विसाव्या भागाएवढे पडत होते. एवढ्या पैशांत बस चालू शकत नाही. उरलेला खर्च सरकारी अनुदानातून होत असे आणि अनुदानाचा बोजा अखेर कररूपाने किंवा महागाईच्या रूपाने जनतेवरच पडत असे. वीज आणि गॅस यांची कथा याहून वेगळी नव्हती. तेव्हा ‘येथे सारे किती स्वस्त आहे!’ असे म्हणणाऱ्याने त्या स्वस्ताईची उरलेली रक्कम कोण भरतो, याचीही चौकशी करावयास हवी.

तथापि, स्वस्ताईचे हे दिवस कायमचे नव्हते. १० डिसेंबर २०२३ रोजी हावियेर मिलेई यांनी राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली. काही दिवसांतच पेसोचे अधिकृत मूल्य निम्म्याहून खाली आणण्यात आले, अनुदाने कापली गेली आणि भाड्याचा कायदा रद्द झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बसचे किमान भाडे २७० पेसो झाले. पुढे महागाईचा मासिक वेग मंदावत गेला, तरी २०२४ या संपूर्ण वर्षात किमती सुमारे ११८ टक्क्यांनी वाढल्या. रस्त्यावरील बाजारात डॉलरचा दर मात्र वर्षारंभी सुमारे एक हजार पेसो होता, तो वर्षअखेरीस बाराशेच्या थोडा वर राहिला. याचा अर्थ असा, की वर्षारंभी एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तूला वर्षअखेरीस सुमारे पावणेदोन डॉलर पडू लागले. जे परदेशी लोक महागाईला परक्याचे दुखणे समजत होते, त्यांना ती आता स्वतःच्या खिशात जाणवू लागली. अनेकांनी आपले गाठोडे बांधून अन्य देशाची वाट धरली.

या ठिकाणी पाहुणा आणि रहिवासी यांच्यातील खरा भेद स्पष्ट होतो. स्वस्ताई संपताच निघून जाण्याचा मार्ग एकाला मोकळा असतो. दुसऱ्याला तो नसतो. अर्जेंटिनाच्या सरकारी आकडेवारीनुसार २०२४ च्या पूर्वार्धात तेथील जवळजवळ ५३ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात हे प्रमाण सुमारे ३८ टक्क्यांवर आले, ही समाधानाची बाब होय. परंतु ज्या कुटुंबांनी त्या सहा महिन्यांत दुधाचे प्रमाण कमी केले किंवा औषध पुढे ढकलले, त्यांची ती हानी आकडा खाली आल्याने भरून निघत नाही.

शिवाय ‘परदेशी’ या एका शब्दात दोन अत्यंत भिन्न माणसे कोंबली जातात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. एक डॉलर घेऊन येतो. दुसरा पेसो कमावण्यासाठी येतो. पॅराग्वेहून आलेले बांधकाम मजूर आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया, बोलिव्हियाहून आलेले भाजीपाल्याचे शेतकरी आणि शिवणकाम करणारे कामगार, व्हेनेझुएलातून आलेले आणि घरोघर माल पोहोचविणारे तरुण हेही अर्जेंटिनातील परदेशीच आहेत. त्यांची मजुरी पेसोंत, पण आईवडिलांना पैसे पाठवावयाचे ते दुसऱ्या देशात. पेसोचे मूल्य निम्मे झाले, की तेवढ्याच घामाचे गावी पोहोचणारे मोल निम्मे होते. व्हेनेझुएलातील माणूस तर स्वतःच्या देशातील महागाईपासून पळून आला आणि आगीतून फुफाट्यात पडला. महागाईच्या देशातील परदेशी लोकांच्या राहणीखर्चाची चर्चा होते, तेव्हा या माणसांचा उल्लेख सहसा होत नाही. मे २०२५ मध्ये सरकारने हुकूम काढून कायमचे रहिवासी नसलेल्या परदेशी लोकांकडून सरकारी आरोग्यसेवेचे शुल्क घेण्याचे ठरविले. डॉलर कमावणाऱ्याला त्याची झळ फारशी लागत नाही. हातावर पोट असलेल्या मजुराला मात्र ती लागते. परदेशी लोकांविषयीचा राग जेव्हा कायद्यात उतरतो, तेव्हा तो बहुधा चुकीच्या दारावर जाऊन आदळतो.

मग या वादाचा निर्णय कसा करावा? डॉलर कमावणाऱ्या पाहुण्याला दोषी ठरविणे सोपे आहे. पण पाहुणे हाकलल्याने चलन सुधारत नाही. आपला खर्च उत्पन्नाच्या मर्यादेत ठेवणे आणि चलनाची पत राखणे ही सरकारची जबाबदारी आहे. ती पार पाडताना त्यागाचा पहिला घास दुर्बलांकडून काढून घेतला जाऊ नये, हेही तिच्यातच येते. घरमालकाच्या अडचणी खऱ्या असतात. भाड्याचा कायदा रद्द झाल्यावर भाड्याने देण्याच्या घरांची संख्या वाढली, यावरून चांगल्या हेतूचा कायदाही व्यवहाराशी फटकून राहिला तर भाडेकरूलाच जाचक होतो, हे दिसून येते. तथापि, निवास ही केवळ जास्त बोली लावणाऱ्याला विकण्याची वस्तू नव्हे, म्हणून अल्पमुदतीच्या भाड्यावर कर आणि मर्यादा यांचा विचार नगरांनी केलाच पाहिजे.

पाहुण्याचे कर्तव्यही यातून सुटत नाही. कायद्याने एखादी गोष्ट करता येते म्हणून ती निर्दोष ठरत नाही. जेथे राहावयाचे तेथील भाषा शिकावी, देय कर भरावा, घरकाम करणाऱ्या बाईचे वेतन किमतींबरोबर आपणहून वाढवावे आणि तिच्याशी चार पेसोंसाठी घासाघीस करू नये, एवढे तरी त्याला करता येते. डॉलरचा दर वाढल्याचा आनंद त्याने निदान तिच्यासमोर व्यक्त करू नये. कारण ज्या बातमीने त्याचा महिना सोपा होतो, तीच बातमी ऐकून ती संध्याकाळी दुकानात काय घ्यावयाचे आणि काय ठेवावयाचे याचा हिशेब पुन्हा मांडीत असते.