मैदान राखणाऱ्यांचा खेळ आणि क्लबाचे दार

खेळाच्या मैदानावर जात नसते, तिथे फक्त गुणवत्ता चालते, असे आपल्या देशात मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. सांगणारे बहुधा तेच असतात, ज्यांच्यासाठी मैदानाचे दार कधी बंद नव्हते. आरक्षणाचा विषय निघाला की हीच मंडळी हमखास विचारतात, क्रिकेटचा संघ निवडतानाही आरक्षण लावाल काय? या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्ही आज जगातला सर्वांत साहेबी समजला जाणारा खेळ घेतो. तो म्हणजे गोल्फ.

ज्या वैजापूर तालुक्यात उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या माणसाचा हिरवळीवरच्या या श्रीमंती खेळाशी काय संबंध, असे कुणीही विचारील. संबंध खेळाशी नाही. तो खेळ ज्यांनी घडवला त्यांच्याशी आहे. गोल्फचे पहिले विजेते साहेब नव्हते. ते साहेबांचे नोकर होते.

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथे १८२१ साली एका हातमाग विणकराच्या घरी टॉम मॉरिस जन्मला. चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून गोल्फचे चेंडू बनवायचे, हे काम तो उमेदवारी करून शिकला. पुढे प्रेस्टविक येथे मैदानाचा राखणदार म्हणून त्याला नोकरी मिळाली. १८६० साली त्याच मैदानावर ‘ओपन’ ही स्पर्धा सुरू झाली. आजही जगातली सर्वांत जुनी मोठी गोल्फ स्पर्धा म्हणून तिचा मान आहे. मॉरिसने ती चार वेळा जिंकली. त्याच्याच नावाचा त्याचा मुलगा १८६८ ते १८७० अशी सलग तीन वर्षे आणि पुन्हा १८७२ साली विजेता ठरला. वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी तो वारला.

थोरल्या मॉरिसचे खरे काम चषकांपलीकडचे आहे. हिरवळीवर वाळूचा थर देऊन गवत दाट करणे, मैदानाची नित्य निगा राखणे, नवी मैदाने आखणे या गोष्टींना त्याने शिस्त लावली. आज जगभर जी हिरवीगार मैदाने दिसतात, त्यांच्या मुळाशी या विणकराच्या पोराची अक्कल आहे. पण ज्या क्लबाचे मैदान त्याने आयुष्यभर राखले, त्या क्लबाचा तो नोकरच राहिला. उतारवयात क्लबाने त्याचे तैलचित्र काढून आत लावले. फोटोला भिंत आणि माणसाला उंबऱ्याबाहेरची जागा, ही रीत आपल्याला काही नवी नाही.

त्याच्यानंतरच्या पिढीत तिघे जण गाजले. हॅरी वॉर्डन, जे. एच. टेलर आणि जेम्स ब्रेड. १८९४ ते १९१४ या काळात झालेल्या २१ ओपन स्पर्धांपैकी १६ या तिघांनी जिंकल्या. वॉर्डन हा माळ्याचा मुलगा. लहानपणी तो कॅडी होता, म्हणजे काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन खेळणाऱ्या साहेबामागे चालणारा पोऱ्या. काठी धरताना दोन हातांची बोटे एकमेकांवर कशी बसवावीत, याची जी पद्धत त्याने रूढ केली, ती आज जगातले असंख्य खेळाडू वापरतात आणि तिला त्याचेच नाव आहे. टेलरही कॅडीच होता. मैदानाच्या देखभालीचे कामही त्याने केले होते. त्याचे मोठेपण पाच विजेतेपदांत आहे, त्याहून जास्त ते १९०१ साली त्याने पुढाकार घेऊन उभारलेल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेत आहे. क्लबांच्या मर्जीवर जगणाऱ्या या माणसांना त्या संघटनेने पहिल्यांदा एकत्र बोलायला शिकवले. चेंडू मारायचा कसा, हे इतरांनीही शिकवले. मालकापुढे एकजुटीने उभे राहायचे कसे, हे टेलरने शिकवले.

तरीही दार लगेच उघडले नाही. १९२० साली वॉल्टर हेगन हा अमेरिकन विजेता इंग्लंडात ओपन खेळायला आला, तेव्हा व्यावसायिक खेळाडूंना क्लबाच्या इमारतीत कपडे बदलायलाही मज्जाव होता. हेगनने भाड्याची आलिशान मोटार क्लबाच्या दारासमोर उभी केली आणि तीच आपली खोली केली. त्याच वर्षी अमेरिकेत टोलेडो येथील इन्व्हर्नेस क्लबाने राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी व्यावसायिकांना आत घेतले. खेळाडूंनी वर्गणी करून त्या क्लबाला मोठे घड्याळ भेट दिले. हा खेळ ज्यांच्या जिवावर चालत होता, त्यांना आत पाऊल टाकायला मिळाले म्हणून आभाराची भेट द्यावी लागली, हे विसरता कामा नये.

पण हे दार गोऱ्या नोकरांसाठी होते. काळ्या माणसाची कथा त्याहून निराळी आहे. १८९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत जॉन शिपेन हा काळा तरुण उतरला. ज्या मैदानावर स्पर्धा होती, त्याच मैदानावर तो कॅडी होता. त्याच्यासोबत ऑस्कर बन हा मूळनिवासी तरुणही होता. या दोघांसोबत आम्ही खेळणार नाही, अशी धमकी गोऱ्या खेळाडूंनी दिली. संघटनेचे अध्यक्ष हॅवमेयर यांनी ठणकावले की, फक्त हे दोघे उरले तरी स्पर्धा होईल. सगळे मुकाट्याने खेळले आणि शिपेन संयुक्त सहावा आला. जिथे अधिकाराच्या खुर्चीवरचा माणूस ठाम राहिला, तिथे बहिष्कार एका दिवसात मोडला. पण खुर्चीवरचा माणूस रोज भला असेल, याची हमी कोण देणार? १९३४ साली अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या संघटनेने आपल्या घटनेतच लिहून टाकले की सभासद गोऱ्या वंशाचाच हवा. हे कलम १९६१ पर्यंत टिकले. चार्ली सिफोर्डसारख्या काळ्या खेळाडूंनी झुंज दिली, कॅलिफोर्नियाच्या सरकारी महाधिवक्त्याने कायद्याचा बडगा दाखवला, तेव्हा ते निघाले. चेंडू ठेवायच्या लाकडी खुंटीचे पेटंट १८९९ साली डॉ. जॉर्ज ग्रँट या काळ्या दंतवैद्याने घेतले होते. त्याचे आईबाप गुलामगिरीतून सुटलेले होते. ही खुंटी खेळात सर्रास आली, श्रेय मात्र अनेक वर्षे दुसऱ्याच्याच नावावर राहिले.

आणि आपल्याच देशातून मजूर म्हणून गेलेल्यांच्या वंशातला एक माणूस पाहा. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा पापवा सेवगुलाम. तोही कॅडी, शाळेचे तोंड न पाहिलेला. काठी उलट्या हातांनी धरायचा. त्याने डच ओपन तीनदा जिंकली. १९६३ साली नाताळ ओपनही जिंकली, पण वर्णभेदी कायद्यामुळे त्याला क्लबात प्रवेश नव्हता. गोरे लोक आत बसले होते आणि विजेत्याने बाहेर पावसात उभे राहून चषक स्वीकारला. त्या छायाचित्राने जगभर संताप उसळला. गुणवत्ता सिद्ध झालेली होती, चषक हातात होता, दार मात्र बंदच होते.

आता आपल्या घरी येऊ. टेलर इंग्लंडात पहिली विजेतेपदे मिळवत होता, त्याच सुमारास पुण्यात युरोपियनांच्या क्लबात एक पोरगा महिना चार रुपयांवर क्रिकेटची खेळपट्टी झाडत होता, रोलर ओढत होता, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकत होता. फलंदाजी त्याच्या वाट्याला कधी आली नाही. तो चांभार समाजातला बाळू पालवणकर. हिंदूंच्या संघाला जिंकण्यासाठी त्याचा डावा हात हवा होता, पण चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि त्याचे ताट वेगळे मांडले जाई. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. १९०६ साली युरोपियनांना हरवणाऱ्या हिंदू संघात बाळू होते. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तिथे त्यांनी ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. कारण गुणवत्तेचे नव्हते. १९२० साली कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा सर्वांत ज्येष्ठ असलेल्या बाळूंना डावलून कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेले. इथे इतिहासाने वळण घेतले. बाळूंचे धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. अपमान गिळून आम्ही खेळणार नाही, हा त्याचा अर्थ होता. गवगवा झाला, निवड करणाऱ्यांना नमते घ्यावे लागले, बाळू उपकर्णधार म्हणून परतले आणि पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले. तीसेक वर्षांच्या गोलंदाजीने जे दार हलले नाही, ते दोन भावांच्या नकाराने हलले. हेच १९२० साल ‘मूकनायक’चे आणि माणगाव परिषदेचेही आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

इथे चळवळीतले काही कार्यकर्ते आम्हाला अडवतील. बाळूंचे कौतुक कशाला, पुणे करारावर त्यांची सही आहे आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले होते! खरे आहे. त्या निवडणुकीत बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. समाजाने आपला कौल दिला आणि तो योग्यच होता. सवर्णांचे मन पालटेल, वाट पाहा, हा मार्ग बाळूंनी राजकारणात धरला. तो चुकीचा होता असे आम्ही स्पष्ट म्हणतो. पण म्हणून त्यांचे ११४ बळी आपण दुसऱ्यांच्या झोळीत का टाकायचे? ते टाकले की काय होते, तेही पाहा. हिंदू समाजाने क्रिकेटच्या निमित्ताने अस्पृश्यता आपणहून सोडली, अशी गोड गोष्ट रचायला दुसरे मोकळे होतात. ती गोष्ट खोटी आहे. कुणी काही आपणहून सोडले नाही. बाळूंच्या स्वतःच्या आयुष्यात जे थोडे मिळाले, ते भावांच्या बंडाने मिळाले आणि ते बंड बाबासाहेबांच्या वाटेवरचे होते. सात वर्षांनी महाडला आणि दहा वर्षांनी काळाराम मंदिरासमोर जे घडले, त्याच वाटेवरचे. म्हणून आम्ही म्हणतो, बाळूंचा खेळ आपला आहे, भावांचा नकार आपला आहे. राजकारण त्यांचे त्यांच्याजवळ राहू द्या.

गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांना आता आमचे उत्तर आहे. गुणवत्ता विणकराच्या घरी, माळ्याच्या घरी, चांभाराच्या घरी होतीच. खेळ त्यांनीच घडवला. कमतरता होती ती प्रवेशाची आणि अधिकाराची. भारतीय गोल्फमध्येही तेच दिसते. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा दिल्लीच्या क्लबातला कॅडी होता. बाबासाहेबांचा जन्म झाला त्या महूच्या गोल्फ मैदानावर वाढलेल्या मुकेश कुमारने २०१६ साली वयाच्या ५१ व्या वर्षी आशियाई मालिकेतली स्पर्धा जिंकली. पिशवी वाहणाऱ्यांतून विजेते निघतात, पण क्लबाच्या सभासदांच्या यादीत पिशवी वाहणारे कितीसे सापडतात?

वैजापूरच्या तरुणांनी यातून काय घ्यायचे? जयंतीच्या निमित्ताने आपल्या वस्त्यांतून टेनिस बॉलचे सामने होतात, कबड्डी होते. पोरे पडक्या शेतात सराव करून चषक आणतात. चषक आणावेतच. पण मैदान कुणाच्या ताब्यात आहे, तालुका क्रीडा संकुलाच्या समितीवर कोण बसते, संघ निवडणारे कोण, पंच कोण, क्रीडा साहित्याचा निधी कुणाच्या सहीने खर्च होतो, हे प्रश्नही विचारावेत. एकट्याने विचारले तर उत्तर मिळत नाही, म्हणून मंडळांनी मिळून अर्ज द्यावा, माहितीच्या अधिकारात कागद मागावेत. आपल्या पोरींना त्या मैदानावर किती वेळ मिळतो, हेही त्याच अर्जात लिहावे. पोरींच्या वाट्याचा वेळ आपल्याच मंडळांनी खाल्ला असेल, तर आधी तो परत करावा.

बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांतला मधला शब्द आपल्याकडे सगळ्यात कमी वापरला जातो. शिकायला पोरे लागली आहेत, संघर्षाच्या घोषणाही घुमतात. टेलरने १९०१ साली आणि पालवणकर बंधूंनी १९२० साली जे केले, ते त्या मधल्या शब्दाचे काम होते. एकटा विजेता फार तर पावसात उभा राहून चषक घेतो. आपल्या पोरांना तो आत बसून घेता यावा, एवढी तयारी आपल्या मंडळांनी केली पाहिजे आणि ती येत्या जयंतीच्या सामन्यांपूर्वीच सुरू झाली पाहिजे.