चार मिनिटं वीस सेकंदांचा बिघाड

नवे सीसीटीव्ही बसतात, नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर चित्र झळकतं, कंत्राटदार सही घेऊन निघतो. तो जिन्यावर असतानाच चित्र गोठतं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की चित्र येतं आणि चार-साडेचार मिनिटांत परत जातं. मग केबल बदलली जाते, कॅमेरा बदलला जातो, कधीकधी या सगळ्यांना जोडणारा स्विचही. बहुतेक वेळा पैसे वाया जातात, कारण यातलं काहीच बिघडलेलं नसतं.

असे कॅमेरे पुष्कळदा मल्टिकास्टवर चालतात. स्टीव्ह डिअरिंग यांनी १९८९मध्ये या पद्धतीचं मानक मांडलं. ४ मेगाबिटचा एक कॅमेरा दहा जण पाहत असतील, तर प्रत्येकाला वेगळी प्रत द्यायला त्याच्यातून ४० मेगाबिट निघावे लागतात. मल्टिकास्टमध्ये ४च निघतात आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी प्रती काढायचं काम स्विच करतो. सगळ्यांना एकाच वेळी पोचणं हाही यातला लाभ. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या को-लोकेशन, म्हणजे दलालांचे सर्व्हर बाजाराच्याच आवारात ठेवण्याच्या सोयीवरून झालेल्या वादात भावांची माहिती दलालांना एकामागून एक पाठवणारी व्यवस्थाच कळीची ठरली होती. तिची जागा पुढे मल्टिकास्टने घेतली.

आता कॅमेऱ्याचं चित्र कोणाला हवं, हे स्विचला कळणार कसं? नेटवर्कमधलं एक उपकरण दर १२५ सेकंदांनी हजेरी घेतं: या गटाचं, म्हणजे या कॅमेऱ्याच्या मल्टिकास्टचं, चित्र कोण पाहतंय? त्याला क्वेरिअर म्हणतात. आलेली उत्तरं स्विच चोरून ऐकतो आणि त्यानुसार पोर्ट उघडे ठेवतो, हे स्नूपिंग. दोन फेऱ्या आणि वर १० सेकंद, म्हणजे २६० सेकंदांत उत्तर आलं नाही, तर प्रेक्षक निघून गेला असं धरलं जातं. प्रोग्रॅम उघडताना संगणक आपणहून हात वर करतो, पण पुढे हजेरी घेणाराच नसेल, तर उत्तर देणार कोण? चार मिनिटं वीस सेकंदांचं कोडं ते एवढंच.

खरा राग यायला हवा तो इथे. अनेक स्विचांमध्ये कारखान्यातून येतानाच स्नूपिंग चालू आणि क्वेरिअर बंद असतो. ही जोडी कोणत्या शहाणपणातून ठरली, हे कंपन्यांनाच ठाऊक. त्यावर घाईतला तंत्रज्ञ काय करतो, तर स्नूपिंगच बंद करून टाकतो. चित्र सुरळीत होतं आणि तक्रार मिटते, पण आता ५० कॅमेऱ्यांचे २०० मेगाबिट प्रत्येक पोर्टवर आदळू लागतात. १०० मेगाबिटच्या जोडणीवरचा बिचारा प्रिंटर गुदमरतो. वायफायचे हाल त्याहून वाईट, कारण तिथे मल्टिकास्ट सहसा सर्वांत संथ वेगाने पाठवलं जातं. आठवड्याने ‘इंटरनेट स्लो आहे’ अशी नवी तक्रार येते आणि तिचा संबंध कॅमेऱ्यांशी कोणी जोडत नाही.

तपास खरं तर अवघड नाही. आधी क्वेरिअर आहे का पाहावं, मग स्विचच्या गट-तक्त्यात पाहणाऱ्याचा पोर्ट दिसतो का ते, आणि शेवटी वायरशार्क हा नेटवर्क तपासणारा प्रोग्रॅम लावून माहिती संगणकापर्यंत येते का ते. क्वेरिअर दोन असतील, तर कमी आयपी क्रमांकाचा जिंकतो. उद्या कोणी तसा क्रमांक देऊन एखादं उपकरण जोडलं आणि नंतर ते उचलून नेलं, तर चालू व्यवस्थाही काही काळ डळमळू शकते. म्हणून सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कामांच्या निविदेत क्वेरिअर कुठे आहे हे लिहून मागावं. आणि चित्र सलग पंधरा मिनिटं चाललेलं पाहिल्याशिवाय अधिकाऱ्याने सहीसाठी पेन उघडू नये.