अर्धे घर आपले, अर्धे भाडेकरूचे



माझी लेक आणि जावई अमेरिकेत बफेलोला असतात. परवा लेकीचा फोन आला, "आई, एक व्हिक्टोरियन डुप्लेक्स बघितलंय. एका मजल्यावर आम्ही राहू, दुसरा भाड्याने देऊ. सगळं नवीन करून दिलंय." व्हिडिओ कॉलवर पाहिले. लाकडी जिना, उंच छत, स्वयंपाकघर तर आरशासारखे. आवडले. पण बी.कॉम. झालेली बाई आधी हिशेब मांडते.

व्हिक्टोरियन म्हणजे 1901 च्या आसपासचे किंवा त्याआधीचे घर. मी विचारले, नवीन काय केलंय? रंग, की भिंतीतल्या तारा? त्या काळच्या घरांत चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या तारा अजून सापडतात आणि मग विमा मिळायला अडचण येते. 1978 च्या आधीच्या रंगात शिसे असू शकते. नातू आता रांगतोय. तिथल्या कायद्याने विकणाऱ्याला माहीत असलेले शिसे सांगावे लागते आणि तपासणीसाठी 10 दिवस मिळतात. ते दिवस सोडू नकोस, म्हटले.

स्वतः राहणाऱ्याला एफएचए कर्जात 3.5 टक्के भरूनही असे घर घेता येते. निदान एक वर्ष तिथे राहावे लागते. पण हातचे कमी गेले म्हणजे कर्ज कमी झाले असे नाही. भाडे वर्षाला दहाच महिन्यांचे धरा. भाड्याच्या भागावर 27.5 वर्षे घसारा मिळतो, पण घर विकताना त्याचा कर भरावा लागतो. हे सगळे धरूनही जमत असेल तरच घ्या.

मग लेकीने खरी अडचण सांगितली. "भाडेकरू मांस शिजवणारे असले तर?"

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याच जणी म्हणतील, मग देऊच नका. मला ते पटत नाही. अहिंसा हा माझ्या चुलीचा नियम आहे. दुसऱ्याला दार बंद करायला तो वापरला, तर समोरच्याचे मन दुखावतेच, आणि तीही हिंसाच. परक्या देशात आपल्या मुलांना कुणीतरी घर दिलेच ना? त्यांच्या फोडणीचा आणि हिंगाचा वास सोसूनच दिले.

मी लेकीला साधा उपाय सांगितला. वास वर चढतो, म्हणून वरचा मजला भाडेकरूला द्या. खाली तुम्ही राहा. डोक्यावर पावले वाजतील, तेवढे सोसा. भाडेकरू वेळेवर भाडे देतो का आणि घर नीट ठेवतो का, एवढेच बघा.

आणि परिग्रहाची मर्यादा आजच ठरवा. हे एक घर पुरे. पहिल्याच्या भाड्यावर दुसरे, दुसऱ्याच्या भाड्यावर तिसरे घेत गेलात, तर सामायिकाला बसल्यावरही हप्तेच आठवतील.

लेक म्हणाली, "विचार करते." तपासणीवाला मात्र तिने दुसऱ्याच दिवशी बोलावला.