वाजवून घ्यावे

झाशीच्या मानिक चौकासारख्या जुन्या बाजारपेठेत मडके घेणारा ते वाजवून पाहतो. अठराव्या शतकापासून या शहरात वसलेल्या मराठी कुटुंबांनाही ही रीत परकी नाही. परंतु घरातला मुलगा संगणकावरील खेळांसाठी ग्राफिक्स कार्ड मागतो, तेव्हा पुष्कळदा केवळ किंमतच पाहिली जाते.

पडद्यावरील चित्र क्षणोक्षणी रेखाटण्याचे काम हे कार्ड करते. नव्या कार्डाला बहुधा तीन वर्षांची हमी असते. वापरलेले कार्ड स्वस्त मिळते; पण त्याने किती कष्ट उपसले, हे दिसत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इथेरियम’ या आभासी चलनाची कार्यपद्धती बदलली आणि ते मिळवण्यासाठी रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे जगभर विक्रीस आली. अशा कार्डाचे पंखे झिजलेले, उष्णता वाहून नेणारा लेप सुकलेला असू शकतो. वरून मात्र ते चकचकीतच दिसते!

मग जुने सर्वस्वी त्याज्य मानावे काय? मुळीच नाही. चालती वस्तू पुन्हा वापरली तर पैसा वाचतो, ई-कचराही घटतो. मात्र विक्रेत्यासमोर अर्धा तास जड खेळ चालवून तापमान पाहावे. चित्र फाटते का, ठिपके उमटतात का, हे तपासावे. बिलावरील अनुक्रमांक कार्डाशी जुळवावा. उरलेली हमी नव्या मालकाला मिळते का, हेही विचारावे.

विक्रेता यास नकार देत असेल, तर कमी क्षमतेचे का होईना, नवेच कार्ड घ्यावे. आईवडिलांनी काटकसरीने साठवलेला पैसा अंदाजावर उधळण्यासाठी नसतो. मडक्याची कसोटी यंत्रालाही लावावी.